मोठ्याच्या मटणाचे नूडल्स: घरी केले की मटण वातड का होतं?

दुधनाकाठ (धागाकर्ती)

लेक दहावीनंतर लातूरला शिकायला गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, मोठ्याचं मटण घालून नूडल्स कर ना. पातळ पट्ट्या आणि वरून कांद्याची पात." मैत्रिणीनं तिला मोबाइलवर दाखवले होते. आमच्याकडं मोठ्याचं (म्हशीचं) मटण म्हणजे रस्सा नाहीतर सुक्कं, आणि तेही तास-दीड तास रटरटलेलं. दहा मिनिटांत परतून थेट ताटात, असं आमच्या घरात कुणी कधी केलेलं नाही.

तरी केलं. अर्धा किलो आणलं, रश्श्याला करतो तसे तुकडे केले, कढईत तेल तापवून आलं-लसूण टाकलं आणि सगळं मटण एकदम ओतलं. दोन मिनिटांत वाटीभर पाणी सुटलं. ते आटवता आटवता वीस मिनिटं गेली, नूडल्सचा लगदा झाला. मटण इतकं वातड की लेकीनं एक तुकडा कितीतरी वेळ गालात धरून ठेवला. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली काहीच नाही. तेच मला जास्त लागलं.

तेव्हापासून वीसेक वेळा तरी केलं असेल. आता जमतंय, म्हणून सविस्तर लिहितेय. बहुतेक पाककृती कोवळं, चरबीचं मटण धरून लिहिलेल्या असतात. आपल्याला मिळतं ते म्हशीचं. रंगानं गडद, चरबी कमी, आणि जनावर बहुतेकदा वय झालेलं. अशा मांसात स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग जास्त असतो. मंद आचेवर तास-दोन तास शिजवलं की तो विरघळतो, म्हणून आपला रस्सा उत्तम होतो. परतायचं म्हटलं की तेवढा वेळच नसतो. मग जे काम आच करते ते सुरीनं आधीच करून ठेवावं लागतं.

माझी आजी चान्या घालायची. जिंतूरकडच्या आमच्या गावात उन्हाळ्यात अंगणभर दोऱ्या बांधलेल्या असायच्या. आजी मांसाचा मोठा तुकडा पायाच्या अंगठ्याशी धरायची आणि शिरेच्या बाजूनं, उभी, हातभर लांब चानी काढायची. मधे कुठं तुटायची नाही. तुटली असती तर दोरीवर टिकली नसती. वाळल्या की मडक्यात, आणि पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर. मी लहानपणी तिच्या शेजारी बसूनच कापायला शिकले, त्यामुळं माझी सुरी आपोआप उभी चालते. आणि परतायच्या मटणाला नेमकं तेच चालत नाही.

हे ध्यानात आलं ते गोठ्यात. यजमान कडब्याची कुट्टी करत होते. धाट मशीनमध्ये आडवं कापलं जातं, त्याचे बोटभर तुकडे पडतात आणि जनावर ते सहज चावतं. तेच धाट उभं चिरून टाकलं तर चोयट्या चोयट्या होतील. मांसाचंही तसंच आहे. तुकडा उजेडात धरून नीट पाहिला की बारीक समांतर रेघा दिसतात, ज्वारीच्या धाटावर असतात तशा. सुरी त्या रेघांना आडवी चालली पाहिजे. मग प्रत्येक पट्टीतले धागे दोन-तीन मिलिमीटरचेच राहतात आणि दाताला तोडायला काही उरत नाही. कापलेली पट्टी दोन्ही हातांनी हलकी ताणून बघा. आडवी कापलेली असेल तर मधेच फाटते. उभी असेल तर रबरासारखी ताणली जाते.

मऊ मटण पातळ कापता येत नाही, सुरीखाली पळतं. म्हणून धुवून, कोरडं करून ४० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवते. दगड होऊ द्यायचं नाही, बाहेरून घट्ट झालं की काढायचं.

अर्धा किलोचं प्रमाण असं: कापलेल्या पट्ट्यांना अर्धा छोटा चमचा खायचा सोडा आणि दोन मोठे चमचे पाणी चोळायचं, २० मिनिटं ठेवायचं. मग दोन पाण्यांनी धुवून हातानं दाबून पाणी काढायचं. हे धुणं टाळू नका, नाहीतर साबणासारखी चव येते. त्यानंतर एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि एक मोठा चमचा तेल लावून पंधरा मिनिटं. मीठ नाही. सोया सॉसमध्येच भरपूर असतं.

नूडल्सची दीडशे ग्रॅमची दोन पाकिटं. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक मिनिट कमी उकळायची, गार पाण्याखाली धरायची, तेलाचा हात लावून परातीत पसरून ठेवायची. परातीत ती सुकली पाहिजेत, ओली नूडल्स कढईला चिकटतात.

वाटीत सॉस आधीच कालवून ठेवते: दोन मोठे चमचे सोया, एक छोटा चमचा व्हिनेगर, चिमूटभर साखर, भरपूर मिरपूड, अर्धी वाटी पाणी. पत्ताकोबी, गाजर, शिमला मिरची उभी चिरून. एकदा आच मोठी केली की चिरायला वेळ मिळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मटण तीन वेळा थोडं थोडं परतायचं. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, मूठभर पट्ट्या पसरायच्या आणि ३०-४० सेकंद हात लावायचा नाही. चर्रर्र आवाज सतत आला पाहिजे. आवाज बसला, बुडबुडे दिसायला लागले, तर पाणी सुटलं समजा. एक बाजू तांबूस झाली की उलटून लगेच काढायचं. तिन्ही वेळचं मटण ताटलीत ठेवून मग त्याच कढईत लसूण, हिरवी मिरची, भाज्या दोन मिनिटं, नूडल्स, सॉस, आणि शेवटी मटण परत आत. वरून पात.

गेल्या महिन्यात लेक आली तेव्हा दोनदा मागून घेतलं. तुम्ही कसं करता, लिहा.

---

हिमायतबाग

ताई, बहुत खूब. आमच्या औरंगाबादेत (आता संभाजीनगर, पण तोंडात जुनंच येतं) मोठ्याचं म्हटलं की आधी नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला असं इथं सगळे सांगतात. त्याला हाडाचं, नळीचं, चिवटच मटण लागतं. रात्रभर देगेत शिजतं तेव्हा मजा. म्हणजे तुमच्या पदार्थाच्या बरोबर उलट.

दुकानात काय मागायचं तेवढं सांगतो. नुसतं "अर्धा किलो द्या" म्हटलं तर सगळीकडचं मिळून देतात, त्यात परतण्यालायक पाव किलोही नसतं. "अंडरकट" मागा. पाठीच्या कण्याखालचा भाग, जनावराला तिथं कष्ट नसतात म्हणून सगळ्यात मऊ. पण ते थोडंच निघतं आणि कबाबवाले सकाळीच घेऊन जातात. नाहीच मिळालं तर पुठ्ठ्याचं, म्हणजे मागच्या मांडीच्या वरचं घ्या, अख्खा तुकडा, "पसंद्याला पाहिजे" असं सांगून. पसंदे म्हटलं की खाटिक समजतो की पातळ कापायचंय, आणि झिल्ली आपणहून काढून देतो. ती पांढरी झिल्ली राहिली तर पट्टी कढईत आकसून गोळा होते, मग सोडा लावा नाहीतर काही लावा.

आमच्याकडं मऊ करायला कच्ची पपई लावतात, सालासकट वाटून. कबाबाला ठीक आहे. पातळ पट्टीला अर्धा तास जरी लावली तरी वरून पिठासारखं होतं. नूडल्सला तुमचा सोडाच बरा.

---

दुधनाकाठ

भाई, झिल्लीचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! काही पट्ट्या का आकसतात हे मला कळत नव्हतं. पुढच्या वेळी अख्खा पुठ्ठा घेते.

---

नवखा४३

प्रश्न विचारू का? महाराष्ट्रात तर मोठ्याच्या मटणावर बंदी आहे ना? मग हे मिळतं कसं? वाद घालायचा नाही, खरंच माहीत नाही.

---

दुधनाकाठ

विचारलंत ते बरं केलंत. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यानं गायीची कत्तल बंद झाली. १९९५ ची दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून लागू झाली आणि वळू-बैलही त्यात आले. म्हशीवर तशी सरसकट बंदी नाही, कत्तलीआधी प्रमाणपत्र लागतं. आम्ही आणतो ते म्हशीचं, परवाना असलेल्या दुकानातून, आणि या धाग्यावर मी सगळीकडं त्याबद्दलच लिहितेय. २०१५ नंतर आमच्या गल्लीतली दोन दुकानं बंद झाली. त्याआधी आमच्या आळीतल्या गरीब घरांना परवडणारं मटण हेच होतं. आता भाव वाढलाय आणि ज्यांना जमत नाही ते कोंबडीवर भागवतात. मला याचं वाईट वाटतं. पण हा धागा कढईपुरताच ठेवूया अशी विनंती.

---

आम्ल_अल्क

सोड्याचं कारण सांगतो, शाळेत रसायनशास्त्र शिकवतो म्हणून. मांस तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि धरता धरता आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. पिळा घातलेल्या कपड्यासारखं. सोडा अल्कधर्मी आहे. तो पृष्ठभागावर असला की प्रथिनांची ती पकड सैल राहते आणि पाणी आत टिकतं. शिवाय अल्कधर्मी पृष्ठभाग लवकर तांबूस होतो, म्हणजे ताईंच्या त्या ३०-४० सेकंदांत रंग येण्यातही त्याचा वाटा आहे. जाड तुकड्याला याचा उपयोग कमी, कारण सोडा आतपर्यंत जात नाही. पट्टी पातळ हवी ती त्यासाठीही.

कॉर्नफ्लोअरचं काम वेगळं. त्याचा पातळ थर पट्टीभोवती बसतो, रस अडवतो, आणि नंतर सॉस त्याला धरून राहतो.

---

येसरची आमटी

मी नाही सहमत. ताई, राग मानू नका. एवढा खटाटोप काहून करायचा? मी सरळ कुकरमध्ये हळद-मीठ घालून मोठ्याचं चांगलं मऊ शिजवते, गार झालं की पट्ट्या करते आणि मग नूडल्ससोबत परतते. कसलंही मटण चालतं, पायाचं असो की मानेचं. अंडरकटच्या मागं धावायला नको. आणि शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच नूडल्स उकळते. वरून चमचाभर काळं तिखट. घरात पाच माणसं आहेत, एकानं उष्टं टाकलेलं नाही.

---

दुधनाकाठ

राग कशाचा! उद्या रविवार आहे, तुमच्या पद्धतीनं करून बघते आणि इथंच लिहिते.

---

खाडी ते खाम

मूळ गाव नांदेड जिल्ह्यात. बारा वर्षं आखातात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतो, तिथं भारतातून आलेलं म्हशीचंच मटण वापरायचो. तिथला मुख्य आचारी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. हा पदार्थ त्यांच्याकडं तांदळाच्या रुंद, पट्टीसारख्या नूडल्सचा करतात, रस्सा न ठेवता कोरडा परतून. नूडल्स इतकी नाजूक की झाऱ्यानं ढवळली की तुटतात. तो कढई मनगटानं झुलवायचा, झारा जवळजवळ लावायचाच नाही.

पट्ट्यांना कॉर्नफ्लोअर लावणं ही मूळ त्यांचीच रीत. आपल्याकडच्या हक्का नूडल्सची वाट मात्र वेगळी. कोलकात्यात स्थायिक झालेल्या हक्का चिनी लोकांकडून ती आली. टांगरा भागात त्यांचे चामड्याचे कारखाने होते आणि तिथंच त्यांची हॉटेलंही चालली. हिरवी मिरची, व्हिनेगर, जास्त लसूण हे तिकडचं. म्हणजे ताई, तुमच्या कढईत दोन घराणी एकत्र आलीत आणि त्यात काही चूक नाही.

हॉटेलच्या भट्टीची आच घरच्या शेगडीच्या कित्येक पट असते. त्यामुळं धुराचा जो खमंग वास तिथं येतो तो घरी पूर्ण येणार नाही. जवळ जायचं तर थोडं थोडं परतणं हाच मार्ग. घाई करून अर्धा किलो एकदम टाकलं की शेगडी हरते. अजून एक, सॉस मधोमध ओतू नका. कढईच्या तापलेल्या कडेनं गोल फिरवत सोडा. कडेला तो क्षणभर जळतो आणि त्या वासानंच अर्धं काम होतं.

---

करडईचं फूल

तेलाबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडं घाण्याचं करडईचं तेल असतं, घरच्या रानातलं. त्यातच केलं तर घरभर धूर आणि कडवट चव. असं का?

---

खाडी ते खाम

घाण्याचं तेल गाळलेलं असलं तरी त्यात बियांचा अंश राहतो, ते कमी आचेलाच धूर सोडतं. याला रिफाइंड करडई किंवा रिफाइंड शेंगदाणा वापरा. घाण्याचं तेल ठेचा-भाकरीवर घ्या, तिथं त्याची खरी चव लागते.

---

सोयाबीन उत्पादक

मी औसा तालुक्यात. दरवर्षी सोयाबीन काढतो, लातूरच्या आडतीवर घालतो, आणि सोया सॉसची बाटली मात्र किराणा दुकानातून आणतो. आपल्या मराठवाड्यात एवढं सोयाबीन पिकतं, पण त्याचं तेल आणि पेंड यापलीकडं आपण गेलोच नाही. सॉस म्हणजे सोयाबीन आणि गहू बुरशी लावून, मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवलेला. गहू आपल्याकडं, सोयाबीन आपल्याकडं, ऊन तर विचारूच नका. कुणी बचत गटानं हे केलं तर मी माल देतो. मनापासून सांगायलोय.

बाटली घेताना मागं वाचून घ्या. स्वस्त बाटल्यांत कॅरॅमल रंग आणि मीठच जास्त असतं. त्यानं नूडल्स काळी होतात पण चव येत नाही.

---

दुधनाकाठ

केलं, कुकरच्या पद्धतीनं. मुद्दाम पायाचं आणलं, पाच शिट्ट्या दिल्या, त्याच पाण्यात नूडल्स उकळली.

खरं सांगते, नूडल्स माझ्यापेक्षा चांगली झाली. त्या पाण्याची चव नूडल्सच्या आतपर्यंत गेली होती. मी साध्या पाण्यात उकळून काय घालवत होते ते कळलं. सासूबाईंना तर हेच आवडलं, त्यांच्या दातांना मऊ लागलं. पण मटणाची पट्टी परतताना धाग्याधाग्यानं सुटली, आणि चव रश्श्यातल्या मटणाचीच. परतलेल्या पट्टीला बाहेरून जो भाजका वास आणि आत जो रस असतो, तो नाही आला.

म्हणून आता दोन्ही करते. पुठ्ठ्याचा अख्खा तुकडा, त्याची झिल्ली आणि कडेचे तुकडे काढून कुकरला. त्या पाण्यात नूडल्स. मधला स्वच्छ भाग आडवा कापून, सोडा लावून, परतून. येसरची आमटी, तुमचे आभार. मात्र काळं तिखट घातलं की सोयाची चव दबते, ते मी नाही घालणार.

---

येसरची आमटी

घालू नका मग, चमचा माझ्याकडंच ठेवते. तुमच्या पद्धतीनं मीही केलं परवा. पहिल्या खेपेला चर्रर्र आवाज आला, दुसऱ्या खेपेला बसला. कढई परत तापायला वेळ दिला नाही मी. तिसऱ्या वेळी दोन मिनिटं रिकामीच ठेवली, मग जमलं. हे तुमच्या कृतीत लिहा.

---

दुधनाकाठ

खरंय, राहिलंच. प्रत्येक खेपेआधी कढई रिकामी ठेवून पुन्हा धूर येईपर्यंत तापवायची.

---

बिंदुसरा

आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट चार-चार तास जाते, फ्रीजरचा भरवसा नाही. मग पातळ कसं कापायचं?

---

हिमायतबाग

मटणाचा तुकडा ओल्या सुती कापडात घट्ट गुंडाळा आणि कापड थोडं थोडं मागं सारत कापा. सरकत नाही. सुरी धारदार पाहिजे, आणि घासल्यासारखी पुढंमागं नाही, एका ओढीत. आणि उन्हाळ्यात शिजलेलं उरलं तर ४२ अंशांत तासभरही बाहेर ठेवू नका. फ्रिज चालू नसेल तर बेतानंच करा.

---

लेक लातूरवाली

आई, मी खातं काढलं. आमच्या खोलीवर इंडक्शन आहे, कढई त्यावर बसत नाही, फक्त मधल्या भागात तापते. काय करू? मैत्रिणी शनिवारी येणार आहेत.

---

दुधनाकाठ

कढई नको, जाड बुडाचा सपाट लोखंडी तवा घे, तो इंडक्शनवर नीट बसतो. पाव किलोच आण आणि चार खेपांत परत, तव्यावर जागा कमी असते. मालकीणबाईंना आधी विचार, खोलीवर मोठ्याचं चालतं का. नाही म्हणाल्या तर कोंबडीच्या छातीचं घे. त्याला सोडा चिमूटभरच, १० मिनिटं. कापायचं आडवंच. सुरी मी गुरुवारी येणाऱ्या काकांबरोबर पाठवते, तुझ्याकडची बोथट आहे.